उघडी वाटी, पालथी वाटी

१९ जुलै

प्रिय मास्तरीणबाई,

फोन लागत नाही म्हणून पत्र लिहितेय, असं लिहिणार होते. पण फोन लागतो. तू उचलत नाहीस. म्हणून कपड्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे हे देतेय. तो रोज सकाळी आपल्या जुन्या लॉन्ड्रीतून धुतलेल्या चादरी घेऊन तुझ्या नव्या इमारतीत येतो, तेव्हा हातात देईल. गठ्ठ्यात टाकू नकोस रे बाबा, असं दोनदा बजावलंय. नाहीतर हे पत्र चादरीबरोबर इस्त्री होऊन एखाद्या पेशंटच्या अंगाखाली जायचं.

तुझी खुर्ची कशी आहे? गोल फिरते म्हणे. इथे सगळं तसंच. मी दोन नंबरच्या टेबलावरच आहे. डाग असलेलं पुन्हा भिजवायला, फाटलेलं शिलाईकडे, आणि जे डागही पडलेलं आणि फाटलेलंही, ते बाद. तुझ्या जागी अजून कुणी आलेलं नाही. त्यामुळे दोघींचा ढीग मी एकटी निवडतेय.

आता मुद्द्याचं. शालान्त परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी गणितात एकतीस बघून तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "ताई, चार मार्कांनी काय होतंय, ऑक्टोबरला पुन्हा बस." मी बसणारच होते. पण लेक ऐकेना. म्हणाली, आई, उत्तरपत्रिकेची प्रत मागवू या, कुठे चुकलीस ते तरी कळेल. तिनेच अर्ज केला. परवा प्रत आली.

ती शेजारी बसून वाचत होती आणि मी डबे घासत होते. तिने एका पानावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "आई, संच तुला कुणी शिकवले?"

मी म्हटलं, आमच्या मास्तरीणबाईंनी. सगळंच त्यांनी शिकवलं.

"मग चिन्हं उलटी का लिहिलीस?"

सहावा प्रश्न बघ. अ मध्ये दोन, चार, सहा, आठ, दहा, बारा. ब मध्ये तीन, सहा, नऊ, बारा. पालथ्या वाटीचं चिन्ह देऊन विचारलंय, तर मी दोन्ही संचांतलं सगळं गोळा करून लिहिलं. उघड्या वाटीचं विचारलंय, तिथे फक्त सहा आणि बारा. लेक म्हणाली, नेमकं उलटं हवं होतं. पालथी वाटी म्हणजे छेद, दोघांत सामाईक असेल तेवढंच. उघडी वाटी म्हणजे संयोग, दोघांतलं सगळं.

मी तुझी वही काढून तिच्यासमोर ठेवली. माझे डोळे पुस्तकाच्या बारीक अक्षराला साथ देत नाहीत म्हणून तू आख्खं पुस्तक मोठ्या अक्षरात उतरवून दिलंस ना, ती. नऊ प्रकरणं. त्यातल्या शेवटच्या प्रकरणात तुझ्याच अक्षरात लिहिलंय: "उघडी वाटी म्हणजे छेद. वाटीत मावेल तेवढंच राहतं. पालथी वाटी म्हणजे संयोग. सगळ्यावर झाकण." हे मी येता-जाता पाठ केलं होतं. जिना चढताना एका पायरीला उघडी, दुसऱ्या पायरीला पालथी.

आणि त्या प्रश्नाच्या सात मार्कांतल्या तीन मार्कांचं ऐक, हसशील. शाब्दिक उदाहरण होतं. एका वर्गात गाणारी मुलं अठ्ठावीस, चित्र काढणारी एकोणीस, पालथ्या वाटीची संख्या सात, तर उघड्या वाटीची किती? माझ्या हिशेबाने पालथी म्हणजे एकूण. मला वाटलं, गाणारीच अठ्ठावीस आहेत, मग एकूण सात कशी? छापणाऱ्याची चूक असणार. मी शेजारी स्वच्छ अक्षरात लिहिलं, "प्रश्न चुकलेला आहे." पेपर चुकला असेल असं वाटलं गं. वही चुकली असेल असं मनातसुद्धा आलं नाही. लेक म्हणते, "नुसतं सूत्रात घातलं असतंस तरी चाळीस आलं असतं, उत्तर बरोबर. तू विचार केलास म्हणून मार्क गेले."

पुस्तक माझ्याकडेही होतं, हे मान्य. कपाटात होतं, नव्याच्या वासासकट. पण तुझी वही असताना ते उघडायचं कशाला?

उतरवताना चुकलीस ना? नऊ प्रकरणं हाताने लिहायची म्हणजे गंमत नाही. एखाद्या ठिकाणी उलटसुलट होतंच. एवढंच कळव, की चुकून झालं. एक ओळ पुरे. नव्या इमारतीची जागा तुला मिळाली त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. दोघींपैकी कुणालाही मिळो, असं आपण रोज म्हणतच होतो.

तुझी,
ताई


४ ऑगस्ट

मास्तरीणबाई,

ड्रायव्हर म्हणतो, हातात दिलं, त्यांनी उघडून वाचलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं. म्हणजे पोचलं.

सोळा दिवस मी तुझ्या वतीने भांडतेय, माझ्याच घरात. लेक म्हणाली, आई, त्यांना त्याच प्रश्नात पैकीच्या पैकी कसे मिळाले असतील? मी म्हटलं, तिने स्वतः पुस्तकातून वाचलं असेल, माझ्यासाठी लिहिताना घाईत चुकली असेल. हे म्हणाले, तुझी मैत्रीण काय साधी आहे होय! तर मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. चौदा वर्षं एका टेबलाला समोरासमोर उभ्या राहिलेल्या बाईबद्दल कुणी असं बोलतं?

मग काल दुपारच्या सुट्टीत वही लॉन्ड्रीत घेऊन गेले. का नेली ते मलाही सांगता येणार नाही. टेबलाशी, खिडकीच्या उजेडात ते पान उघडलं आणि सवयीने तिरकं धरलं. चादर धरते तसं. तुला ठाऊक आहे, सपाट धरली की धुतलेला डाग दिसत नाही. उजेडाशी तिरकी केली की कडा उमटतात. तूच नव्या बायकांना सांगायचीस, ताईंच्या हातून डाग सुटत नाही.

कागदावर पेनच्या खाली पेन्सिलीच्या खुणा आहेत. खोडलेल्या. त्या पानावर तू आधी पेन्सिलीने लिहिलंस आणि बरोबर लिहिलंस. पालथी वाटी, छेद. उघडी वाटी, संयोग. मग रबराने खोडलंस आणि वरून पेनने उलटं लिहिलंस. बाकीच्या आठ प्रकरणांत कुठेही पेन्सिल नाही. मी एकेक पान तिरकं करून बघितलं. ओल्या बोटांनी बघितलं म्हणून कोपरे भिजले, पण सगळी बघितली.

मी तिथेच स्टुलावर बसले. इस्त्रीच्या रोलरवाले काका म्हणाले, चक्कर आली का? मी हो म्हटलं. शिलाईवाल्या काकूंनी पाणी आणलं. त्यांनी वहीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं. तेही मी पाहिलं.

वाटीत मावेल तेवढंच राहतं! किती गोड करून लिहिलंस. चूक करायची तर नुसती चिन्हं बदलायची होतीस. मला पाठ व्हावं म्हणून त्याला आठवणीची खूणही बांधून दिलीस. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते मी आजवर नुसतं ऐकलं होतं.

एक गोष्ट तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. आज मी ऑफिसात गेले होते. ह्यांनी पाठवलं म्हणणार होते, पण मी माझ्याच पायांनी गेले. तिथल्या साहेबांसमोर वही ठेवली. ते म्हणाले, तक्रार कशाबद्दल? मी म्हटलं, वाटी उलटी शिकवल्याबद्दल. त्यांनी चष्मा काढला. मी सगळं नीट सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी, नाही असं नाही. मग म्हणाले, "बाई, शिकवणं हे त्यांचं कामच नव्हतं. मग चुकीचं शिकवलं म्हणून मी कुठल्या नियमाखाली विचारू? आणि पुस्तक नव्हतं का तुमच्याकडे?"

पुस्तक नव्हतं का तुमच्याकडे. परत येताना जिना उतरत होते, तर पाय आपोआप उघडी, पालथी, उघडी, पालथी म्हणायला लागले. मधल्या वळणावर थांबले आणि रडले. तिथे सिस्टर लोक ये-जा करतात, म्हणून भिंतीकडे तोंड करून.

का केलंस, एवढं सांग. चुकून झालं असं मात्र आता लिहू नकोस.

ताई


२७ ऑगस्ट

तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळी. मी त्या इथे उतरवून काढते, म्हणजे आपण दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री.

"हो, मुद्दाम केलं. अठरा जानेवारीला मोठ्या बाईंनी तुम्हाला केबिनमध्ये चहाला बोलावून काय सांगितलं ते मला त्याच दिवशी शिलाईवाल्या काकूंनी सांगितलं. तुम्ही मला सांगाल म्हणून मी आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी ते पान लिहिलं."

मायना नाही, सही नाही. आणि तुम्ही! चौदा वर्षांत पहिल्यांदा तू मला अहो-जाहो केलंस.

मी पहिल्या पत्रात लिहिलं, दोघींपैकी कुणालाही मिळो असं आपण म्हणत होतो. म्हणत होतो हे खरं. मी म्हणत होते ते खोटं होतं. घे, लिहिलं.

काय झालं ते सांगते, कारण काकूंनी दाराबाहेरून ऐकलंय, आणि दाराबाहेरून अर्धंच ऐकू येतं. मोठ्या बाईंनी चहा दिला. म्हणाल्या, लॉन्ड्रीची प्रमुख म्हणून नव्या इमारतीच्या कपडे विभागाच्या इनचार्जचं नाव मला द्यायचंय. दहा वर्षं काम आणि शालान्त पास, दोन्ही पाहिजे. दहा वर्षांच्या बऱ्याच आहेत, पास एकही नाही. तू मार्चमध्ये पास झालीस की मी तुझंच नाव देणार. मी म्हटलं, ती पण बसतेय, आणि माझ्यापेक्षा हुशार आहे. हे मी म्हटलं होतं. हे काकूंनी तुला सांगितलं का? बाई म्हणाल्या, ती हुशार आहे, पण बायका तुझं ऐकतात. दोघी पास झालात तरी नाव तुझं. आणि सध्या कुणाला बोलू नकोस.

मी बोलले नाही. बाईंनी बजावलं होतं, हे कारण मी स्वतःला सांगत राहिले. पण बाईंनी बजावलेल्या इतर किती गोष्टी मी तुला जेवताना सांगितल्यात! ही नाही सांगितली, कारण सांगितलं असतं तर तू शिकवायचं थांबवशील अशी भीती वाटली. संचाचं प्रकरण राहिलं होतं ना. म्हणून रोज तुझ्याबरोबर डबा खाल्ला, तुझ्या डब्यातलं खाल्लं, आणि वर म्हटलं, कुणालाही मिळो. लाज वाटते. लेकीलासुद्धा हे सांगितलेलं नाही. ऑफिसातल्या साहेबांना सांगितलं नाही. तिथे मी नुसतीच बिचारी झाले होते.

पण मास्तरीणबाई, तू आठ दिवस वाट पाहिलीस म्हणतेस. त्या आठ दिवसांत एकदाही तोंड उघडून विचारलं नाहीस? "ताई, बाई काय म्हणाल्या?" एवढं विचारलं असतंस तर मी खोटं बोलू शकले नसते. बोलले असते तर माझ्या तोंडावर थुंकायची होतीस. भांडायचं होतंस. टेबलावरच्या चादरी फेकायच्या होत्यास. रोलरवाले काका मध्ये पडले असते, आठवडाभर आपण बोललो नसतो आणि मग बोललो असतो. त्याऐवजी तू रबर घेऊन बसलीस. आणि त्यानंतर दीड महिना माझ्याकडून रोज ते पाठ करून घेतलंस. "ताई, म्हण बघू, उघडी वाटी?" मी म्हणायची, छेद. तू म्हणायचीस, शाब्बास.

माझी चूक लिहून झाली. तुझ्या त्या शाब्बासला मला अजून नाव सापडत नाही.

परत लिहू नकोस.

ताई


१२ डिसेंबर

इनचार्ज, कपडे विभाग, नवी इमारत, यांस,

लिहू नकोस म्हणाले होते आणि मीच लिहितेय. काम आहे म्हणून. ते ऐक.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसले. परवा निकाल आला. गणितात चौसष्ट. संचावर प्रश्न होताच. चिन्ह बघितलं आणि हात आपसूक उलटं लिहायला लागला. शिकलेलं पुसणं फार अवघड असतं, नव्याने शिकण्यापेक्षा. मी पेन खाली ठेवलं, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. पर्यवेक्षक बाईंना वाटलं मी कॉपी लपवतेय. उठवून झडती घेतली. मग बसून सावकाश लिहिलं. बरोबर लिहिलं.

मोठ्या बाई सप्टेंबरअखेर निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी बाहेरून एक गृहस्थ आलेत, माणूस चांगला आहे, अजून मला काकूंच्या नावाने हाक मारतो. इथे आता माझ्यासाठी काही नाही. पण मुलांच्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत इनचार्जची जागा निघालीय. अर्जाबरोबर एक शिफारसपत्र लागतं, त्यांच्याच छापील फॉर्मवर. शिफारस करणारी व्यक्ती सध्या नोकरीत आणि इनचार्ज किंवा त्यावरच्या पदावर हवी. आणि अर्जदाराबरोबर तिने किमान दहा वर्षं काम केलेलं हवं.

मी दोन याद्या केल्या. इनचार्ज किंवा वरचे: ऑफिसातले साहेब, मोठ्या सिस्टर, आमचे नवे गृहस्थ, तू. दहा वर्षं बरोबर काम केलेले: रोलरवाले काका, शिलाईवाल्या काकू, मोठ्या बाई (पण त्या आता नोकरीत नाहीत), तू. लेक शेजारी होती. दोन्ही याद्यांवरून तिने बोट फिरवलं आणि एकाच ठिकाणी थांबली. मग बोट काढून घेतलं. म्हणाली, "आई, ही जागा सोडून दे. दुसरी निघेल." ती माझ्या काळजीने म्हणाली. पण मी शेहेचाळीस वर्षांची आहे, आणि तुझ्यामुळे एक जागा गेलीय. दुसरीही तुझ्यामुळेच सोडू?

फॉर्म सोबत आहे. वरचे रकाने मी भरलेत. खाली "अर्जदाराविषयी मत" असा चौकोन आहे. तिथे खरं लिही. चांगलं लिही असं म्हणत नाही. उपकार म्हणून लिहू नकोस, आणि भरपाई म्हणून तर मुळीच नको. सही कर, शिक्का मार, गाडीबरोबर परत पाठव. करायचं नसेल तर कोराच पाठव. शेवटची तारीख बावीस.

ताई नाही लिहीत. अर्जदार.


१४ जानेवारी

मास्तरीणबाई,

ऑर्डर आली. एक फेब्रुवारीपासून मी मुलांच्या हॉस्पिटलात. तुला दुसरीकडून कळण्याआधी मीच कळवावं असं वाटलं. आणि आणखी एका गोष्टीसाठी. तुला ऑफिसातून बोलावणं येईल म्हणून तू तीन आठवडे धास्तावून बसली असशील. येणार नाही. त्याचं सांगते.

तुझा फॉर्म एकवीस तारखेला दुपारी आला. अर्ज द्यायला एकच दिवस राहिला होता. मी टेबलाशी उभी राहून वाचला. चौकोनात तू लिहिलं होतंस: "यांच्याबरोबर चौदा वर्षं काम केलं. यांच्या नजरेतून डाग सुटत नाही आणि फाट सुटत नाही. बायका यांचं ऐकतात. गणितात या पहिल्यांदा नापास झाल्या त्याचं कारण मी आहे. मी त्यांना जाणूनबुजून चुकीचं शिकवलं. या पदासाठी मी यांची शिफारस करते." खाली सही. सहीवर गोल शिक्का, पदासकट.

मी खरं लिही म्हणाले होते ते माझ्याविषयी. तू तुझं लिहून ठेवलंस.

घरी गोंधळ. लेक म्हणाली, "आई, हे दिलंस तर त्यांची नोकरी जाईल. नवा फॉर्म घेऊ, कोरा, त्यांना एवढं वाक्य गाळायला सांगू." हे म्हणाले, "तिनेच लिहिलंय ना? मग दे." मग लेक आणि हे एकमेकांशी भांडायला लागले आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. मला तुझा राग आला होता. जुना राग होताच, हा नवा. पुन्हा तू एक कागद माझ्या हातात दिला होतास आणि त्याचं काय करायचं ते मला ठरवायला लावलं होतंस. द्यावा तर तुझ्या पोटावर पाय. न द्यावा तर माझ्या. आणि तू मात्र लिहून मोकळी. खरंच पश्चात्ताप झालाय की यातही काही आखलंयस, ते मला ओळखता येत नव्हतं. पूर्वी तुझ्या नुसत्या पावलांवरून कळायचं मला, आज घरी भांडून आलीस की नाही. ते तू माझ्याकडून काढून घेतलंस. जागेपेक्षा तेच मला जास्त लागलं.

बावीस तारखेला सकाळी मी मुलांच्या हॉस्पिटलच्या खिडकीवर गेले. पिशवीत दोन कागद होते. तुझा फॉर्म, आणि लेकीने कुठूनतरी मिळवलेला कोरा फॉर्म. रांगेत माझ्यापुढे सहाजण होते. सहाजण होईपर्यंत ठरवू म्हटलं. सहाजण झाले. क्लार्कने हात पुढे केला.

तुझा दिला. जसाच्या तसा.

त्याने वाचला नाही. सही आहे का बघितलं, शिक्का आहे का बघितलं, कोपऱ्यावर त्यांचा शिक्का मारला आणि गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. पुढच्यांनीही वाचला नसणार. मुलाखतीत मला साबणाच्या प्रमाणाबद्दल विचारलं आणि मुलांच्या दुपट्यांबद्दल. दुसरं काही नाही. ते तुझं वाक्य आता कुठल्या तरी फायलीत बांधून पडलंय. ते वाचलेली माणसं जगात चारच: तू, मी, आणि माझ्या घरची दोघं.

तुला वाचवायला मी नवा फॉर्म काढला नाही, हे तुला माहीत असावं. आणि पुढचंही माहीत असावं. पावती मिळाल्यावर मी बाजूला झाले नाही. त्याने गठ्ठा पुन्हा उघडावा, कपाळावरचा चष्मा खाली आणून त्या तीन-चार ओळी वाचाव्यात आणि मान वर करून मला विचारावं, बाई, हे काय आहे? त्यासाठी मी तिथेच उभी राहिले. किती वेळ ते कळलं नाही. मागचा माणूस म्हणाला, "झालं ना बाई तुमचं? मग सरका की."